वामनरावांचा घरगुती कार्बन कर

एका बोल्टमागे धूर किती, हा प्रश्न वामनराव तामोरे यांना नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा विचारण्यात आला. तोवर लोक बोल्टची जाडी विचारत, लांबी विचारत, भाव विचारत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात वामनराव निर्यातीचे कागद पाहायचे आणि त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही बोल्ट आजवर कागदाच्या चुकीमुळे परत आलेला नव्हता. पण फेब्रुवारीत जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडून एक नवाच फॉर्म आला. तिकडे म्हणे बाहेरून येणाऱ्या लोखंडी मालावर आता कार्बन कर लागतो. माल बनवताना जेवढा कोळसा जळला, जेवढी वीज लागली, जेवढा धूर झाला, तेवढा कर. तेव्हा आपला धूर किती ते लवकर कळवावे.

शेठनी फॉर्म उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "वामनराव, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच शिकून या."

शिकायला केळव्याला जायचं होतं. नारळी-पोफळीच्या बागेतलं रिसॉर्ट, दोन दिवसांची कार्यशाळा. वीज कशी वाचवावी हे ज्या हॉलमध्ये शिकवत होते तिथला एसी इतका कडक होता की दुसऱ्या दिवशी निम्मी मंडळी खोलीतल्या चादरी पांघरून आली. वामनरावांनी चादर आणली नाही, वही आणली. शिकवणाऱ्या प्रियंका मॅडम त्यांच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, पण बोलत फार मुद्देसूद. त्या म्हणाल्या, "धूर फुकट आहे, म्हणून माणूस धूर करत राहतो. धुराला किंमत लावा. मग कुणावर ओरडावं लागत नाही. माणूस आपणहून बटण बंद करतो."

"कुणावर ओरडावं लागत नाही" या शब्दांखाली वामनरावांनी दोन रेघा मारल्या. गेली बावीस वर्षं ते स्वतःच्या घरात ओरडत होते. रिकाम्या खोलीतल्या पंख्यावरून ओरडत, गिझरवरून ओरडत, फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करत उभ्या राहणाऱ्या मुलीवर ओरडत. एवढ्या ओरडण्यानं वीजबिल एका युनिटानंही खाली आलं नव्हतं. घसा मात्र दर उन्हाळ्यात बसायचा.

कारखान्याचा फॉर्म आठ दिवसांत भरून गेला. बोल्टही गेले. कर काही वामनरावांच्या डोक्यातून गेला नाही.

बोईसरला बेटेगावच्या रस्त्यावर 'सागरगंध' नावाची चार मजली इमारत आहे. सागर तिथून बराच लांब. गंध येतो तो वसाहतीकडून, आणि तो कशाचा यावर रहिवाशांत एकमत नाही. तिथे तिसऱ्या मजल्यावर वामनराव, त्यांच्या पत्नी स्वाती आणि कॉलेजात जाणारी दिशा असे तिघं राहत. त्यात उन्हाळ्यापुरत्या वामनरावांच्या सासूबाई, घिवलीच्या रंभाबाई, आलेल्या होत्या. रंभाबाईंनी पन्नास वर्षं मासळी वाळवून बाजारात विकली होती. सांगितलेली किंमत पहिल्या फटक्यात मान्य करणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

एक एप्रिलला संध्याकाळी वामनरावांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून कर जाहीर केला. एसी तासाला दहा रुपये. गिझर अंघोळीला पाच. फ्रिज दिवसाला सहा. इस्त्री कपड्याला एक, मिक्सर वाटणाला दोन, टीव्ही तासाला एक. पैसे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. महिनाअखेरीला बरणी उघडून सगळ्यांना सारखे वाटून द्यायचे.

"एप्रिल फूल," दिशा म्हणाली.

वामनराव हसले नाहीत, तेव्हा ती सावरून बसली. "म्हणजे पप्पा, मी काहीच लावलं नाही तरी मला पैसे मिळणार?"

"अगदी बरोबर! तीच तर त्यातली गंमत आहे," वामनराव म्हणाले. मुलगी इतक्या लवकर समजली याचा त्यांना अभिमान वाटला. ती नेमकं काय समजली, हे त्यांना पुढच्या महिन्यात कळलं.

"माज्यावर कर लागणार नाय," रंभाबाई म्हणाल्या.

"का बरं, आई?"

"तुमी म्हनता जेवडा धूर तेवडा कर. आमच्या घिवलीच्या शेजारी अणूची वीज बनते. इतकी वर्सं दारात हाय. तिचा धूर कवा कोनी पायला?"

मुद्दा बिनतोड होता. वामनरावांनी वही उघडून पाहिली. मग म्हणाले, "आई, तारेत सगळी वीज एकत्र होते. कोळशाची कुठली नि अणूची कुठली, हे ओळखता येत नाही."

"टोपलीत मासली पन एकत्र होते. पापलेट कुठला नि बोंबील कुठला, मला ओलकता येते. तुमाला येत नाय, त्याला मी काय करू?"

स्वातीताईंचं म्हणणं एवढंच होतं, की स्वयंपाकघर करातून वगळा. वामनरावांनी नकार दिला. एकदा सवलत दिली की कराला भोक पडतं, असं मॅडमनी बजावलेलं होतं. स्वातीताई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. बावीस वर्षांच्या संसारानंतर या "बरं"चा अर्थ वामनरावांना कळायला हवा होता. पण धोरण आखणाऱ्या माणसाला अशा बारीक गोष्टींकडे पाहायला वेळ नसतो.

कर लागू झाला आणि घराचा कायापालट झाला. एसी मुका झाला. मिक्सरचा घरघराट थांबला. इस्त्री दिसेनाशी झाली. वामनराव रोज सकाळी लुंगीवर खाली मीटरच्या खोलीत जात, आकडा टिपून आणत आणि दिशाच्या रंगीत पेन्सिलींनी एक आलेख काढत. तो त्यांनी फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. आलेखाची रेघ अशी काही खाली घसरत होती की तिसऱ्या आठवड्यात त्यांना कागदाला खालून जोड द्यावा लागला.

आता, मिक्सर फिरत नव्हता तरी ताटात कोलिमाची, म्हणजे सुक्या जवळ्याची, चटणी छान बारीक वाटलेली येत होती. इस्त्री बंद होती तरी दिशाचे कुर्ते कडक घडीचे असत. ऐन एप्रिलच्या दुपारी कुणी एसी लावत नव्हतं आणि तरी संध्याकाळी घरातल्या तिन्ही बायका टवटवीत दिसत. हे वामनरावांना दिसलं नाही असं नाही. पण यशाच्या काळात माणूस फार चौकशा करत नाही. बरणीत फक्त त्यांचेच पैसे पडत होते, कारण गिझर तेच लावत, रात्री बातम्या तेच पाहत आणि फ्रिजचे सहा रुपयेही घरमालक म्हणून तेच टाकत. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला, की इतरांनी आपल्या सवयी मुळापासून बदलल्या.

इमारतीत बातमी पसरली. सोसायटीचे चेअरमन भिका राऊत स्वतः वर येऊन आलेख पाहून गेले आणि म्हणाले, लिफ्टवरही असाच कर लावू. या सूचनेला तळमजल्याच्या चारही घरांनी त्याच दिवशी लेखी पाठिंबा दिला. चौथ्या मजल्यावरच्या मंडळींनी भिकाशेठना जिन्यात गाठून काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. कुणी म्हणालं, वामनरावांनी दिल्लीला पत्र लिहावं. वामनरावांनी ते लिहिलंही, फक्त दिल्लीत कोणाच्या नावानं टाकायचं हे न ठरल्यामुळे ते खिशातच राहिलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात बिलं आली. गेल्या वर्षीच्या एप्रिलात तामोऱ्यांचे चारशे दहा युनिट झाले होते. यंदा शहाण्णव. वामनराव ते बिल वाचत होते तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधला भावेश चुरी आपलं बिल घेऊन बनियनवरच आला. भावेश पालघरच्या एका पतपेढीत होता. सकाळी आठला जायचा, संध्याकाळी सातला यायचा.

"वामनदादा, हे बघा काय झालंय! मागच्या एप्रिलात दोनशे तीस. आता चारशे अठ्ठ्याण्णव. आम्ही घरात दोघं. मी दिवसभर बाहेर. भाविका एकटी किती वीज खाईल?"

"भावेश, तुझ्या घरी कर नाही ना, म्हणून," वामनराव मायेनं म्हणाले, आणि त्यांनी त्याला प्रियंका मॅडमचं पहिल्या दिवसाचं सगळं व्याख्यान ऐकवलं. पण व्याख्यान संपल्यावर त्यांनाही वाटलं, की दुपटीच्या वर म्हणजे जरा जास्तच झालं. "तुझा मीटर पळतोय. तक्रार करू. अर्ज मी लिहितो."

"कशाला ती तक्रार?" स्वातीताई आतून लगबगीनं आल्या. "उन्हाळ्यात होतं असं."

"तेच म्हणते मी यांना," दारात येऊन उभी राहिलेली भावेशची बायको, भाविका, म्हणाली. "भरून टाकू या."

"वहिनी, अन्याय मुकाट्यानं भरायचा नसतो," वामनराव म्हणाले. दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रंभाबाईंना एकाएकी खोकला आला.

वीज कंपनीच्या ऑफिसात पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेली होती, तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की मीटर पळतो म्हणता, तर तुलनेसाठी शेजारच्या घराचं बिल जोडा. वामनरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बाईंनी चष्मा पुसला. त्यांनी खिशातून स्वतःचं बिल काढलं आणि अर्जात आपल्या सुंदर अक्षरात एक वाक्य वाढवलं: 'समोरच्याच सदनिकेत, तितक्याच क्षेत्रफळात, अर्जदाराच्या शेजाऱ्याचा वापर केवळ शहाण्णव युनिट असून गतवर्षी तो चारशे दहा होता, याकडे आपले विशेष लक्ष वेधण्यात येत आहे.'

लक्ष वेधलं गेलं.

पुढच्या शुक्रवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला बेल वाजली. दारात रूपेश मेहेर नावाचे इंजिनिअर साहेब, दोन लाइनमन आणि एक शिडी. मागे जिन्यावर सगळ्या मजल्यांची गर्दी.

"तामोरे आपणच?"

"हो. पण मीटरची तक्रार या समोरच्यांची आहे."

"त्यांचा मीटर आत्ताच तपासला. एकदम बरोबर आहे. तुमचा बघायला आलोय." साहेबांनी बिल पुढे धरलं. "चारशे दहाचे शहाण्णव कसे केलेत?"

ज्या माणसानं कधी बसमध्ये तिकीट बुडवलं नाही, त्याच्या दारात वीजचोरीचं पथक! जिन्यावर कुणीतरी म्हणालं, "तरी मी म्हणतच होतो." आवाज भिकाशेठचा होता.

"आम्ही घरात कार्बन कर लावला आहे," वामनराव ताठ मानेनं म्हणाले.

"कर? कुणी लावला?"

"मी."

"जीआर आहे?"

"नाही."

"मग अधिकार कुणी दिला?"

"घर माझं आहे!"

"घर तुमचं असेल. कर तुमचा नाही," साहेब म्हणाले आणि पंचनामा लिहिणाऱ्या लाइनमनला सांगू लागले, "लिही. सदर इसम राहत्या घरी, कोणत्याही शासकीय आदेशाविना, कुटुंबीयांकडून कर वसूल करत असल्याचे स्वतः कबूल करतो."

मीटरचं सील शाबूत निघालं. वायरिंग ठीक निघालं. साहेबही जरा बुचकळ्यात पडले. तेवढ्यात दुसरा लाइनमन स्वयंपाकघरातून म्हणाला, "साहेब, फ्रिज चालू हाय. पन याचा प्लग इकडच्या बोर्डात नाय."

फ्रिजच्या मागून एक पांढरी वायर निघाली होती. ती ओट्याखालून गेली, चपलांच्या कपाटामागे चिकटपट्टीनं नीट बसवलेली दिसली, उंबऱ्यातून 'सुस्वागतम्' लिहिलेल्या पायपुसण्याखाली शिरली, पॅसेज ओलांडून चुऱ्यांच्या पायपुसण्याखाली गेली आणि त्यांच्या दारातून आत. त्या 'सुस्वागतम्'च्या पायपुसण्यावर वामनराव महिनाभर रोज संध्याकाळी पाय पुसून, आलेखाकडे पाहत घरात शिरत होते.

साहेबांनी चुऱ्यांचं दार ढकललं. गार हवेचा झोत बाहेर आला. एसीखाली, पलंगावर, घिवलीहून आणलेली उशी घेऊन रंभाबाई बसल्या होत्या. समोर टीव्हीवर मालिका. टेबलावर तामोऱ्यांचा मिक्सर, त्याच्या शेजारी तामोऱ्यांची इस्त्री. कोपऱ्यात दिशाचा लॅपटॉप चार्ज होत होता.

"या ना साहेब, उन्हातून आलात," भाविका म्हणाली. "कोकम सरबत घ्या."

शुक्रवारी मुद्दाम रजा काढून तक्रारीचा निकाल ऐकायला थांबलेला भावेश मधोमध उभा होता. त्यानं मिक्सर पाहिला, इस्त्री पाहिली, वायर पाहिली. शेवटी वामनरावांकडे पाहिलं. "वामनदादा," तो म्हणाला, "आणि तुम्ही मला व्याख्यान दिलंत!"

"मला खरंच काही ठाऊक नाय रे!" वामनराव म्हणाले. तीस वर्षं ऑफिसात जपलेलं "नाही" त्या क्षणी त्यांच्या तोंडून निसटलं. "स्वाती, हे कधीपासून?"

"दोन एप्रिलपासून," स्वातीताई शांतपणे म्हणाल्या. "मी स्वयंपाकघर वगळा म्हटलं होतं."

"आणि आई, तुम्हीसुद्धा?"

"कर तुमच्या घरातल्या विजेवर हाय," रंभाबाई म्हणाल्या. "ही भावेशची वीज. तिच्यावर कर लावायला तुमी कोन?"

रूपेश साहेबांनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

मंगळवारी दोन्ही कुटुंबांना ऑफिसात बोलावलं. एका घराची वायर दुसऱ्या घरात नेणं नियमात बसत नाही, म्हणून दंड झाला. तो वामनरावांनी भरला. भावेश मात्र त्यांच्याशी बोलला नाही. ऑफिसात येतानाही तो वेगळा, आपल्या स्कूटरवरून आला, आणि बाकावर बसताना दोघांच्या मध्ये त्यानं हेल्मेट ठेवलं. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण पंचनाम्यात 'कर' हा शब्द पडला होता, आणि तो कागदावर आल्यावर त्याचा काहीतरी निकाल लागल्याशिवाय फाइल बंद करता येत नव्हती. शेवटी वामनरावांना स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं, की 'मी यापुढे राहत्या घरात कोणताही कर, उपकर अथवा अधिभार लावणार नाही.' साक्षीदार म्हणून स्वातीताईंनी सही केली आणि रंभाबाईंनी न सांगता दोन ठिकाणी अंगठा उठवला. जर्मनीत ज्याच्या कागदाला कधी कुणी नाव ठेवलं नाही, त्या माणसाचा हा कागद तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवला.

सही झाल्यावर रूपेश साहेब दोन्ही बिलं समोर ठेवून काहीतरी आकडेमोड करत बसले. मग म्हणाले, "एक विचित्रच आहे. गेल्या एप्रिलात तुम्हा दोन घरांचे मिळून सहाशे चाळीस युनिट. या एप्रिलात पाचशे चौऱ्याण्णव. वीज नुसती इकडची तिकडे गेली असती तर आकडा तोच राहिला असता. इथे सेहेचाळीस कमी आहेत."

वामनराव खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणजे कराचा परिणाम झाला!"

"कराचा कसला?" स्वातीताई म्हणाल्या. "भाविका आणि आम्ही एकत्र बसलो. दोन एसींचं काम एकावर झालं."

"पण तुम्ही एकत्र का बसलात?"

"तुमचा कर चुकवायला!"

"तेच तर म्हणतोय मी!"

"अहो, कर भरला असता तर वाचले असते का सेहेचाळीस?"

वामनराव परत खुर्चीत बसले. प्रियंका मॅडमनी हा भाग घेतलाच नव्हता.

"ते तुम्ही घरी ठरवा," रूपेश साहेब फाइल बांधत म्हणाले. "वायर नेऊ नका. माणसं नेण्याबद्दल आमच्याकडे काही नियम नाही."

नियम नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिन्ही बायका उघड उघड समोर जाऊन बसू लागल्या. फ्रिज, मिक्सर, इस्त्री आपापल्या जागी परत आले. फ्रिजच्या दारावरून आलेख कुणी काढला ते वामनरावांनी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी जेवण झालं आणि घर रिकामं झालं. वामनराव एकटे पलंगावर आडवे झाले. बाहेर रस्ता तापून पांढरा दिसत होता. गादी पाठीला चटके देत होती. आता कर नव्हता, बरणी धुऊन तिच्यात मीठ भरलं होतं, आणि विचारणारंही कुणी नव्हतं. त्यांनी एसीचा रिमोट हातात घेतला. अंगठा बटणावर ठेवला. एका माणसासाठी अख्खी खोली गार करायची, हे काही त्यांच्या अंगठ्याला पटेना. त्यांनी कूस बदलली. अंगठा बदलून पाहिला. पंधरा मिनिटं ते तसेच घामाच्या धारांत, रिमोट छातीवर धरून पडले होते. मग उठले, उशी काखेत मारली आणि पॅसेज ओलांडून चुऱ्यांची बेल वाजवली.

दार भाविकानं उघडलं. आत सगळे होते. रजेवर असलेला भावेशही चटईवर बसलेला होता. त्यानं वामनरावांकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं.

"तुझी हरकत असेल तर जातो," वामनराव दारातूनच म्हणाले.

भावेशनं मान पुन्हा टीव्हीकडे वळवली. तिथे मालिकेतली सून रडत होती.

"आत तरी या जावयबापू, नायतर भाईर तरी जा," रंभाबाई ओरडल्या. "दार उघडं हाय, गारवा चालला!"

भावेश चटईवर थोडा सरकला. सरकल्यावर जेवढी जागा झाली तेवढीत वामनराव अंग चोरून बसले. मांडीवर उशी. स्वातीताई परातीतले ताडगोळे सोलून एकेकाला देत होत्या.

"पुढचा शुक्रवार आमच्याकडे," वामनराव हळूच म्हणाले.

"बघू," भावेश म्हणाला. हा त्याचा आठवड्यातला पहिला शब्द. मग त्यानं एसीचा रिमोट उचलला आणि टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "वामनदादा, बावीस ठेवू का?"

सव्वीसच्या खाली गेलं की किती धूर होतो, हे वामनरावांना दशांश चिन्हापर्यंत पाठ होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि स्वातीताईंनी त्यात ताडगोळा घातला.